ठकूचा गळा त्याच्या डबड्यात

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हंजे पावट्याच्या शेंगा सोलल्या. ओट्यावर ऊन आलं होतं. मधे पाटी, पाटीच्या अल्याड मी, पल्याड माझी बायको ठकू. टरफलं म्हशीला, दाणं पातेल्यात, किडकं कोंबडीला. माझ्या बाजूचं दाणं ती परत निवडायची. "डोळं हायत का बटनं?" म्हणायची, आणि मी फेकलेला चांगला दाणा अंगणातनं उचलून माझ्या नाकापुढं धरायची. अर्धी पाटी झाली असंल, तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. अल्ताफचा फोन. तिनं मांडीवरच्या शेंगा तशाच सोडल्या, पदराला हात पुसलं आणि मोबाईल कानाला लावून पार आंब्याखाली गेली. तितनं तिचं हसू ऐकू येत होतं. बोलणं न्हाई, नुसतं हसू. उरलेली पाटी मी एकट्यानं सोलली.

त्याच सांजेला तिच्या छातीत कळ आली. जीप करून भोरला नेईपर्यंत संपलं होतं. लोक म्हणाले, चांगलं मरण आलं, कुणाला हातरुण धुवायला लावलं न्हाई. असंल. मला एवढंच कळतं की बायकोचं शेवटचं हसू माझ्या वाटचं होतं, आणि ते बेकरीवाल्याच्या पोराला गेलं.

आता परत लावणी आलीया. पासलीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. हितं पावसाळ्यात सूर्य म्हंजे ऐकीव गोष्ट. तोरणा एकदा ढगात शिरला की पोळ्यापर्यंत तोंड दावत न्हाई. खाचरं तुडुंब होतात. चिखल ढवळला की खालनं गेल्या सालच्या कुजल्या पेंढ्याचा वास वर येतो, त्यात ओल्या शेणाचा, त्यात म्हशीच्या अंगाचा. बांधाच्या भोकातनं खेकडं डोळं वर काढून बघतात आणि पाय आपटला की आत जातात. रोपाची मूठ लांबनं फेकली की पाण्यात टप्पकन् पडती. हे सगळं औंदाही आलं. मला वाटलं होतं यायचं न्हाई. बाई गेली तर पावसानं निदान दाराशी येऊन विचारावं, की बाबा, येऊ का? पण त्यानं कुणाला विचारलं न्हाई. रोप हातभर झालं, बायका खाचरात वाकल्या, आणि माझ्याच रानात मी पाव्हण्यावाणी बांधावर बसून राहिलो.

अल्ताफ भोरचा. बापाची तितं बेकरी. खारी, टोस्ट, नानकटाई टेम्पोत भरून ही माणसं आमच्याकडच्या दुकानांपर्यंत येतात. गेल्या साली लावणीत हा खोकी उतरवून माघारी चालला होता. त्यानं खाचरातलं बायकांचं गाणं ऐकलं. टेम्पो रस्त्याच्या कडंला तसाच लावला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आला बांधावर. हातात काळं डबडं, डबड्याला केसाळ टोपी.

"उंदीर धरलाईस का काय रं?" ठकूनं वाकल्या वाकल्या विचारलं.

"आवाज धरतोय आजी," तो म्हणाला. "म्हणा ना. थांबू नका."

आणि ती म्हणली! चारचौघींत ओळखपाळख नसलेल्या पोरापुढं गळा सोडून म्हणली. माझ्यापुढं ती कधी गायली न्हाई. जात्यावर बसली असंल आणि मी आत आलो तर तोंडातलं तोंडात गिळायची. एकदा लग्नाच्या नव्या सालात म्या म्हटलं होतं, म्हण की. तर डोक्यावरचा पदर पुढं वढून म्हणाली, "नवऱ्यापुढं काय गायचं? वेडी का खुळी?" तिचं गाणं मी जन्मभर लांबनं ऐकलं, वरच्या खाचरातनं, पाठमोरं राहून, अर्धंमुर्धं. आणि हा पहिल्या दिवशी हातभर अंतरावर उंदीर धरून बसला.

म्या त्याला विचारलं, "कुठल्या पिच्चरात असतंय तुझं गानं?"

"पिच्चरात नाही बाबा. मी स्वतंत्र करतो."

"म्हंजी कंपनीचा न्हाईस?"

"नाही. मीच लिहितो, मीच म्हणतो, मीच नेटवर सोडतो."

"आन् जेवतोस कुठं?"

"अब्बांकडं," तो म्हणाला.

ठकू एवढी हसली की तिच्या हातातली मूठ सुटून पाण्यात पडली. माझ्या बोलण्यावर हसली म्हणून मला जरा बरं वाटलं. मग बघितलं तर ती त्याच्याकडं बघून हसत होती.

त्यानंतर पोरगं सारखं यायला लागलं. आलं की खारीचा पुडा. ठकू तो पुडा फडताळात मागं ठेवायची आणि मी मागितली तर म्हणायची, "तुमाला खोकला हुतो." चहा करायची तर कानाचा कप त्याला, पितळी मला. तो विचारायचा, आजी, हे कुठं शिकलात? ती सांगायची. तिचं माहेर भाटघरच्या धरणाकडंला. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की गाळाच्या जमिनीत तिची आई काकड्या लावायची. रातीला राखणीला बसली की भ्या वाटू नये म्हणून मोठ्यांदा गायची, आणि पल्याडच्या काठावरनं दुसरी कोण बाई तिची ओळ उचलायची. दोघींनी एकमेकींचं तोंड कधी बघितलं न्हाई. असं ठकू त्याला सांगत होती आणि मी दाराआड विळ्याला धार लावत ऐकत होतो. एवढा संसार केला, मला ह्यातलं अक्षर ठाऊक न्हाई.

तो गेल्यावर म्या म्हटलं, "मला कधी सांगितलं न्हाईस हे."

ती म्हणाली, "तुमी कवा इचारलं?"

विळ्याला धार चांगली लागली होती. उठलो आणि गवताला गेलो.

जळणं हे तरण्या माणसाचं काम, असं मला वाटायचं. म्हाताऱ्यानं कुणावर जळावं? गुडघ्यात जोर न्हाई, तोंडात दात न्हाईत. पण जळायला दात लागत न्हाईत. त्या पोराच्या मनात काही वाईट न्हाई, हे मला कळत होतं. आजी म्हणायचा, पाया पडायचा, पडलेलं कुंपण एका दुपारी लावून दिलं. तेच माझ्या डोक्यात जायचं. वाईट असता तर हाकलून दिला असता. चांगल्या माणसावर जळायची सोय न्हाई. आतल्या आत धुमसायचं, ओल्या लाकडावाणी.

ठकू गेल्यावर शिमग्याच्या सुमाराला त्याचं गाणं नेटवर आलं. त्यात तो म्हणतो, गिटार वाजती, आणि मधे मधे ठकू. माझी भावजय सगुणा, धाकट्या भावाची बायको, तिच्याकडं मोठा मोबाईल. तिनं लावलं आणि मी उठून गेलो. जेव्हा जेव्हा लावलं तेव्हा उठून गेलो. लेकीनं पुण्यातनं फोन केला, "दादा, आईचं ऐकलं का?" म्हटलं, त्या पोराचं हाय ते, त्यालाच ऐकू दे. मला त्याच्या भाजीतला मसाला म्हणून ठकू नको होती. मला नुसती ठकू पायजे होती. माझ्यापाशी तिचं लुगडं हाय, तिच्या हातानं शिवलेली वाकळ हाय, आवाज न्हाई. नुसता आवाज त्या केसाळ डबड्यात. एका शब्दाचं काम होतं, अल्ताफ, दे. पण आपल्याच बायकोचा आवाज दुसऱ्याच्या दारात जाऊन मागायचा, हे माझ्या जिभेवर येत नव्हतं.

अशात त्याचा फोन आला. पुण्याची एक मॅडम त्याची मुलाखत घेणार, तीही व्हिडिओवर. आणि त्याला ती माझ्या खाचरात बसून द्यायची होती, लावणी चालू असताना. "तुमची परवानगी असेल तरच, बाबा." म्या म्हटलं, ये. का म्हटलं? ते डबडं तो संगं आणंल, एवढ्याचसाठी.

ती माणसं गप्पांच्या नादात भोरचा फाटा मागं टाकून हायवेनं सरळ सारोळ्याच्या पुलापर्यंत गेली, मग माघारी वळली, भोरात अल्ताफला घेतलं आणि दुपार कलताना पोचली. मॅडमचं नाव ऋजुता. संगं एक कॅमेऱ्यावाला, दाढीवाला, घुम्या. आल्या आल्या त्यांनी माझ्या रानाची साफसफाई काढली. निळा ड्रम मागं दिसतोय, हलवा. खताच्या पिशव्या दिसतात, हलवा. म्हैस ओरडती, लांब बांधा. शेवटी मीही दिसायला लागलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही जरा इकडं कॅमेऱ्याच्या मागं बसता का?" बसलो. परत थोड्या वेळानं त्यांना मी पायजे झालो. बांधावरनं चालत जायचं, डोक्यावर इरलं घेऊन.

"इरलं कवाच गेलं," म्या म्हटलं. "आता पिशवीची खोळ असती."

"मग खोळ घ्या. फक्त त्यावरचं युरियाचं नाव आत जाऊ दे."

चाललो. म्हणाल्या, परत एकदा, कॅमेऱ्याकडं न बघता. चाललो. परत एकदा, जरा हळू. माझ्याच बांधावर मी कसा चालतो हे मला दोघांनी शिकवलं. खाचरात बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या. सगुणा म्हणाली, "भावजी, हिरोच की! ठकूताई असती तर दिष्ट काढली असती." "तू रोप लाव," म्या म्हटलं.

अल्ताफ बांधावर बसला, मांडीवर गिटार. सदऱ्याला बोंडाएवढा मायक लावला. पावसाची भुरभुर आली तर छत्री कॅमेऱ्यावर धरली, माणसांवर न्हाई. "आता कुणी आवाज करायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "खोकलासुद्धा नको." बायका वाकलेल्या राहिल्या, मी ड्रमाआड बसलो, आणि मुलाखत सुरू झाली.

आजींची पहिली आठवण? तो सांगायला लागला. उंदीर, बांध, भाटघरचा काठ, सगळं. सांगता सांगता त्याचा गळा भरून आला. एवढ्यात खालनं यष्टी हॉर्न वाजवत गेली. मॅडम म्हणाल्या, पुन्हा. तो पुन्हा बोलला. त्याच जागी पुन्हा गळा भरला. म्या मनात म्हटलं, वा रं पठ्ठ्या, नळ हाय का काय, चावी फिरवली की पाणी. मग कॅमेऱ्यावाला म्हणाला, छत्रीचा थेंब काचेवर पडलाय, अजून एकदा. तिसऱ्या खेपेला मात्र अल्ताफला बोलता येईना. तोंड उघडून नुसता खाचराकडं बघत राहिला. हनुवटी हलत होती. मला खरं तर तिथं वाईट वाटायला पायजे होतं. मला राग आला. म्या तिला खांदा दिला तेव्हा माझ्या डोळ्यात टिपूस नव्हतं, आणि हा हितं माझ्या वाटचं रडून घेतो.

"आजींनी तुम्हाला काय दिलं?"

"हे गाणं दिलं," तो म्हणाला आणि मॅडमनी ते छोट्या स्पीकरवर लावलं.

उठून जायला जागा नव्हती. उठलो असतो तर चिखल वाजला असता. ऐकलं.

वरल्या खाचरात पानी लई गढूळलं...
खालच्या खाचरात माझ्या आभाळ सांडलं.

ठकूच. घसा बसल्यावर जसा लागायचा तसा. पहिली ओळ झाली आणि दुसरीच्या आधी गिटार आली, गोड, लांब, पाण्यावर भिंगरी फिरावी तशी.

मॅडम म्हणाल्या, "ही मधली गिटार. सगळे हिच्याबद्दलच बोलतात."

अल्ताफ जरा हसला. "गंमत सांगू? ती जागा आजींनी केली. दुसऱ्या ओळीआधी त्या थांबायच्या. प्रत्येक वेळी. मी ताल मोजून बघितला, कधी दोन मात्रा, कधी पाच. कशातच बसेना. श्वासही घेत नव्हत्या. नुसत्या थांबायच्या, मान जरा वर करून. मी विचारलं, तर म्हणाल्या, सवय हाय. मग मी ती जागा गिटारीनं भरली."

ड्रमाआड बसून मला घाम फुटला. भुरभुर पावसात घाम.

आमच्या वाडीत खालच्या खाचरात लावणी चालती तेव्हा वरच्या खाचरात चिखलणी चालती. खाली ठकू, वर मी आणि बैल. डावा बैल हरण्या, एक नंबरचा हट्टी. उंबराच्या कोपऱ्यावर आला की वळायचा न्हाई. पाय रोवून उभा. मग मी गळा फाडून वरडायचो, हूंऽऽ फिर, फिर, फिर की लेका! सगळा डोंगर वरडायचा. त्यात खाली कुणाचं गाणं ऐकू जाणार? म्हणून ठकू ओळ टाकून थांबायची. माझं झालं, हरण्या वळला, की दुसरी ओळ उचलायची. हरण्या शहाणा वागला तर लवकर, माजला तर उशिरा. ही जागा कोण मोजणार?

पण हरण्या जाऊन किती तरी साल झालं. गुडघं गेलं तसं म्या बैलच इकलं. आता पुतण्याचा टिलर फिरतो, त्याला वरडावं लागत न्हाई. अल्ताफ आला तेव्हा वरच्या खाचरात मी नव्हतोच, बांधावर बिडी वढत बसलेलो. आणि तरी ती थांबत होती. मान वर करून. त्या वेळी मला ते उमगलं न्हाई. रोज कानावर पडतं ते माणूस ऐकत न्हाई. तिच्या सगळ्या गाण्यांत भाऊ यायचा, आई यायची, इठ्ठल यायचा. मी कधी येत न्हाई, ह्याचं मला मनातनं लागायचं. आणि मी होतो की तितं! ओळीओळीच्या मधे उभा होतो, हरण्याची शेपटी पिळत. त्याच जागेवर ह्यानं गिटार आणून ठेवली.

मॅडमनी "कट" म्हटलं तशी सगुणा चिखलातनं पाय उपसत माझ्याकडं आली. तिला खालच्या खाचरात ठकूशेजारी लावणी करून जन्म गेलाय. हळूच म्हणाली, "भावजी, ती जागा तुमची वो. सांगू का त्यास्नी?"

"गप," म्या म्हटलं. "सांगशील तर बघ."

"का?"

"माझ्यापाशी एवढंच हाय."

मग मॅडमनी माझ्या सदऱ्याला मायक लावला. आजोबा, आजींबद्दल दोन शब्द. म्हटलं, "भात सरळ लावायची. दोरी धरल्यावानी."

"आणि गाण्याबद्दल?"

"ते ह्याला इचारा. त्याला दिलंय ना."

मॅडम कॅमेऱ्याकडं बघायला लागल्या, कॅमेऱ्यावाला मॅडमकडं. अल्ताफनं मान खाली घातली आणि गिटारीच्या तारा पुसायला लागला. मला वाटलं होतं, असं बोलल्यावर गार वाटंल. न्हाई वाटलं.

संध्याकाळी ओढा रस्त्यावर आला, म्हणून ती माणसं माझ्याच घरी राहिली. सगुणानं भाकऱ्या, सुकट केली. अल्ताफ अर्ध्या भाकरीवर उठला. मीही.

सकाळी उठलो तर मॅडम आणि दाढीवाला ढग टिपायला टेकाडावर गेलेली. अल्ताफ ओट्यावर एकटा, मांडीवर लॅपटॉप. म्या चूल पेटवली, चहा केला, त्याला दिला आणि शेजारी बसलो. घसा खाकरला. परत खाकरला.

"अल्ताफ, तिचं नुसतं हाय का? तुझं काढून?"

त्यानं चहा खाली ठेवला. "आहे बाबा. सगळं आहे. मला वाटायचं, तुम्हाला ऐकवणार नाही. म्हणून विचारलं नाही कधी."

"लाव."

आधी पाणी वाजलं. मग कुणाची तरी बांगडी, सगुणाचं काहीतरी फाजील बोलणं, ठकूचा खोकला. मग ठकू. वरल्या खाचरात पानी लई गढूळलं. आणि ती थांबली. लांब पुतण्याचा टिलर एकसुरी घुरघुरत होता, पिशव्यांवर पाऊस पडत होता, आणि ती थांबली होती. अल्ताफही हलला न्हाई. मग तिनं दुसरी ओळ उचलली.

"तितली गिटार काढ," म्या म्हटलं.

"बाबा, लोकांना तीच जागा आवडते."

"म्हनूनच काढ."

"मग तिथं काय ठेवू?"

"काय बी ठिवू नगंस."

त्यानं लॅपटॉप अर्धा मिटला. मग हळूच म्हणाला, "त्या का थांबायच्या, तुम्हाला ठाऊक आहे. होय ना?"

"व्हय."

त्यानं वाट बघितली. म्या चहा प्यालो. अंगणात कोंबडी चिखल उकरत होती. शेवटी त्याला कळलं की मी सांगणार न्हाई, आणि तो हसला, पण मला टोचंल असं न्हाई.

"बरं," म्हणाला. "काढतो."

काढील, न काढील. गाणं त्याचं हाय आणि तो स्वतंत्र हाय. म्या रिकामा गिलास खाली ठेवला.

"परत लाव," म्या म्हटलं.